नोव्हेना संपल्यानंतर
(संत डिम्फनाची कथा, गील गाव आणि आपले लेखन : एक चिंतन)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक वृद्ध माता सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचा चाळिशी ओलांडलेला मुलगा नेहमीप्रमाणे मंदिरातील बाके सरळ करीत होता. ऐन तारुण्यात त्याला स्किझोफ्रेनिया या आजाराने गाठले होते. औषधे चालू होती आणि आजार बराचसा आटोक्यात होता. वडील निवर्तले होते, भावंडे आपापल्या संसारात होती. ती म्हणाली, "फादर, तो कुणाला त्रास देत नाही. दोन घास खातो, पडून राहतो. पण माझ्यामागं हा राहील कुठं?"

मी तिचे सांत्वन केले आणि कपाटातून संत डिम्फनाच्या नोव्हेनाची एक पुस्तिका काढून तिच्या हातात दिली. मनोरुग्णांची आश्रयदाती म्हणून ही संत ख्रिस्तसभेत पूजनीय आहे. दहाव्या दिवशी ती माता पुन्हा आली. पुस्तिका परत करीत तिने एवढेच विचारले, "फादर, नोव्हेना संपली. आता?"

त्या एका शब्दाने मला ती पुस्तिका पुन्हा वाचावयास लावली, आणि या वेळी भाविक म्हणून नव्हे तर वाचक म्हणून. सेमिनरीत असताना आमच्या गुरुजनांनी आम्हांला कोणत्याही संहितेला तीन प्रश्न विचारावयास शिकविले होते. ही कोण सांगत आहे? कोणासाठी सांगत आहे? आणि ही कोठे थांबते? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, असे आता वाटते. आपले बहुतेक भक्तिपर लेखन रोगमुक्तीपाशी थांबते. आंधळ्याला दृष्टी आली, पांगळा चालू लागला, वेडा शहाणा झाला आणि कथा संपली. जो बरा झाला नाही, त्याच्याविषयी या लेखनाला काही सांगावयाचे नसते. आणि त्या मातेचा प्रश्न तर नेमका तेथूनच सुरू होत होता.

कथा आणि तिचा अर्थ

संत डिम्फनाची कथा बहुतेक वाचकांना परिचित नसावी, म्हणून थोडक्यात सांगतो. परंपरेनुसार ती ७व्या शतकातील आयरिश राजकन्या. आईच्या मृत्यूनंतर दुःखाने भ्रमिष्ट झालेला तिचा पिता, मुलगी आईसारखी दिसते म्हणून तिच्याशीच विवाह करण्याचा हट्ट धरतो. ती आपले पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू गेरेबेर्नस यांच्यासह समुद्र ओलांडून पळून जाते आणि आजच्या बेल्जियममधील गील या गावी आश्रय घेते. पिता तिचा माग काढतो. वाटेतल्या एका खाणावळीत तिने दिलेल्या परदेशी नाण्यांवरून तिचा ठावठिकाणा उघड होतो. धर्मगुरूंचा वध होतो आणि पिता स्वतःच्या हाताने मुलीचा शिरच्छेद करतो.

ही कथा प्रथम लिहिली गेली ती १३व्या शतकात. काम्ब्रे येथील पेत्रुस नावाच्या धर्मगुरूंनी लोकांच्या तोंडी असलेल्या परंपरेवरून ती लॅटिनमध्ये लिहून काढली. घटना आणि लेखन यांत सुमारे ६०० वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे तिच्यातील इतिहास किती आणि लोककथा किती, हा प्रश्न अभ्यासकांसाठी खुलाच आहे. आपल्या श्रद्धेला त्याने बाधा येण्याचे कारण नाही. समीक्षकाला येथे वेगळाच प्रश्न पडतो. या कथेत वेडा कोण आहे? वेडा आहे तो पिता, म्हणजेच खुनी. ती मुलगी वेडी नाही. वेडेपणाला बळी पडलेली आहे. वरवर पाहता ही कथा मनोरुग्णांच्या बाजूची नाहीच. वेडा मनुष्य म्हणजे वासनांध, हिंसक, भयंकर मनुष्य हीच समजूत ती दृढ करते, आणि ही समजूत आजही आपल्या मनात घर करून आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात. हिंसा करण्यापेक्षा ती सोसण्याचेच प्रसंग त्यांच्यावर अधिक येतात.

मग अशा कथेतील हुतात्मा मनोरुग्णांची आश्रयदाती कशी झाली? याचे उत्तर पेत्रुस यांच्या लेखणीत शोधण्यापेक्षा त्यांच्या वाचकांत शोधावे लागते. गीलच्या सामान्य शेतकरी कुटुंबांनी ही कथा लेखकाहून अधिक खोलवर वाचली. जिला एका भ्रमिष्टाने ठार केले, तिच्या कबरीपाशी त्यांनी भ्रमिष्टांनाच बोलावले. कथेत उच्चारली न गेलेली क्षमा त्यांनी आचरणात आणली. एखाद्या संहितेचे याहून मोठे वाचन माझ्या पाहण्यात नाही.

दहाव्या दिवशी काय झाले?

गील येथील संत डिम्फनाच्या मंदिराचे बांधकाम १३४९ मध्ये सुरू झाले. दूरदूरचे लोक आपल्या भ्रमिष्ट आप्तांना घेऊन तेथे येत. मंदिराला लागून रुग्णांसाठी एक कक्ष होता. तेथे नऊ दिवस राहावयाचे, प्रार्थना करावयाच्या आणि संतेच्या अवशेषांच्या उंचावलेल्या पेटीखालून गुडघ्यांवर रांगत जावयाचे, असा विधी असे. नऊ दिवसांनी काही जण बरे होऊन परतत असतील. पण अनेक जण बरे होत नसत. कोणाला आणखी एक नोव्हेना करावयाची असे, तर कोणाला परत नेण्यास कोणी येतच नसे. कक्ष अपुरा पडू लागला, तेव्हा या लोकांना गावातील घराघरांत ठेवण्यात येऊ लागले. प्रथम काही आठवडे, मग काही महिने आणि मग आयुष्यभर.

वाचक बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. गीलची कीर्ती चमत्कारातून उगम पावली, असे आपण समजतो. वस्तुतः जे बरे झाले ते निघून गेले. गील घडविले ते जे बरे झाले नाहीत त्यांनी, आणि ज्यांनी त्यांना दहाव्या दिवशीही दाराबाहेर काढले नाही त्या गृहस्थांनी.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत मंदिराच्या कक्षाची व्यवस्था मोडली, पण घरे उघडीच राहिली. १८०३ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रशासनाने आपल्या शहरातील मनोरुग्ण गीलला पाठविले. १८५०च्या बेल्जियमच्या कायद्यानंतर या व्यवस्थेवर शासनाची वैद्यकीय देखरेख आली आणि १८६०च्या दशकात गावात एक छोटे रुग्णालयही उभे राहिले. १९३८ मध्ये या गावातील कुटुंबांत ३७३६ मनोरुग्ण राहत होते. २१व्या शतकाच्या आरंभी हा आकडा ५००च्या घरात आला आणि नंतर आणखी खाली गेला. शेती कमी झाली, स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडल्या, कुटुंबे लहान झाली, औषधे आणि उपचारांचे इतर मार्गही उपलब्ध झाले. तरीही परंपरा तुटलेली नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा जतन करण्याच्या अनुकरणीय कार्यांच्या सूचीत तिची नोंद केली.

स्तुती आणि सत्य

गीलविषयी भारावून लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणूनच मला बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ युजीन रोसेन्स यांचे लेखन मोलाचे वाटते. त्यांचे 'मेंटल पेशंट्स इन टाऊन लाइफ' हे पुस्तक १९७९ मध्ये इंग्रजीत आले. पुढे लीव्ह व्हान द वाले यांच्यासह त्यांनी 'गील रिव्हिजिटेड' हे दुसरे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला प्रख्यात मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांची प्रस्तावना आहे.

रोसेन्स यांनी गीलला स्वर्ग ठरविलेले नाही. त्यांचे निरीक्षण शांत आणि काटेकोर आहे. गीलमध्ये घरी ठेवलेल्या व्यक्तीला 'रुग्ण' म्हणत नाहीत. जेवूनखाऊन घरात राहणारा 'बिऱ्हाडकरू' अशा अर्थाचा शब्द वापरतात. तिच्या आजाराचे नाव कुटुंबाला सांगण्याची परंपरेने पद्धत नव्हती. तो चिडतो केव्हा, त्याला काय आवडते, कोणत्या कामात त्याचे मन रमते, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. परंतु त्याचबरोबर, घरात मुरलेला हा बिऱ्हाडकरू गावच्या सार्वजनिक जीवनात मात्र पुरता बरोबरीचा मानला जात नाही, हेही रोसेन्स दाखवून देतात. त्याला सांभाळून घेतात, पण पुष्कळदा एखाद्या मुलासारखे. यजमान कुटुंबाला मोबदला मिळतो आणि पूर्वी शेतीच्या कामाला माणूसही मिळत असे. जुन्या काळी काहींच्या पायांत बेड्याही होत्या. हे सारे लपविण्यात अर्थ नाही.

असे असूनही हे वाचताना मन भरून येते, ते एका साध्या वस्तुस्थितीमुळे. गीलमध्ये एकेक बिऱ्हाडकरू एकाच घरी ४०-५० वर्षे राहिल्याची उदाहरणे आहेत. यजमान वृद्ध होतात, वारतात आणि त्यांची मुले त्या बिऱ्हाडकरूला आपल्याकडे ठेवून घेतात. ज्या मांडीवर आपण लहानपणी खेळलो, तो मनुष्य आपल्या घरचाच अशी त्यांची भावना असते. "माझ्यामागं हा राहील कुठं?" या प्रश्नाचे उत्तर त्या गावाने कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवलेले नाही. घराबरोबर माणूसही वारशाने स्वीकारावयाचा, या रीतीत ते दिले आहे.

मोबदल्याविषयी एक शब्द. पैसे घेतले म्हणजे सेवा उणी झाली, असे आपल्याकडील काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. केवळ त्यागावर उभे असलेले काम एका पिढीत थकते. मोबदला, वैद्यकीय देखरेख आणि संकटसमयी धावून येणारी परिचारिका यांचा आधार असल्यामुळेच गीलची करुणा शतकानुशतके टिकली.

शुभवर्तमानातील एक पत्ता

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्ताचा वृत्तान्त आहे. मी स्वतः त्यावर कित्येक प्रवचने दिली आहेत आणि दर वेळी माझा बहुतेक वेळ त्या २००० डुकरांतच खर्ची पडला, हे कबूल करतो. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. मनोविकार हा भूतबाधेचा प्रकार नव्हे. तो आजार आहे आणि त्याला वैद्यकीय उपचार हवेत. प्रार्थना ही औषधाला पर्याय म्हणून देऊ नये. परंतु समाज अशा माणसाला कसे वागवितो, याचे जे चित्र मार्कने रेखाटले आहे ते आजही तंतोतंत लागू पडते.

आता हा वृत्तान्त निवासाच्या दृष्टीने वाचून पाहा. मार्क प्रथम त्या माणसाचा पत्ता सांगतो. तो थडग्यांमध्ये राहत होता. लोकांनी त्याच्यासाठी दुसरी कोणती व्यवस्था केली होती? साखळदंडांची. येशू त्याला नाव विचारतो. तो शुद्धीवर येतो, अंगात वस्त्रे घालून शांत बसतो, आणि त्याला तसे पाहून गावकरी घाबरतात. तो साखळ्या तोडीत होता तेव्हा त्यांना ती परिस्थिती सवयीची झाली होती. तो त्यांच्यासारखा होऊन बसला, तेव्हा ते येशूलाच सीमेबाहेर जाण्याची विनवणी करतात. अखेरीस तो मनुष्य येशूबरोबर जाऊ इच्छितो, पण येशू त्याला परत आपल्या घरी, आपल्या माणसांकडे धाडतो. थडग्यापासून घरापर्यंत असा या वृत्तान्ताचा प्रवास आहे. रोगमुक्ती हा त्यातील मधला टप्पा.

मात्र त्या घराने त्याला आत घेतले की नाही, हे मार्क सांगत नाही. ते सांगण्याचे काम त्याने वाचकांवर सोपविले असावे, असे मानण्यास जागा आहे.

आपल्या मराठीत

मराठीत या विषयावरील एक प्रामाणिक कलाकृती म्हणून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाचा उल्लेख केलाच पाहिजे. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण सीना यांच्याद्वारे स्किझोफ्रेनियाचे वास्तव प्रथमच अनेक मराठी घरांत पोहोचले. या चित्रपटात वेडाची थट्टा नाही आणि त्याचे उदात्तीकरणही नाही. भावाला आपल्या घरी आणल्यावर बहिणीच्या संसाराला पडणारे ताण तो सहानुभूतीने दाखवितो.

तरीही एक शंका मनात राहते. या कथेत सांभाळाचा भार प्रामुख्याने बहिणीवर आणि जवळच्या नातलगांवर पडतो. बहीण नसती तर? किंवा बहिणीनंतर? आपल्या सर्वच साहित्यात हा प्रश्न बहुधा कुटुंबाच्या उंबऱ्याआड राहतो. 'देवराई' या नावातच मला त्याचे उत्तर दडलेले दिसते. देवराई कुणा एकाच्या मालकीची नसते. ती गावाची असते. तिच्यातील झाड वाकडे आहे, फळ देत नाही, म्हणून कोणी तोडीत नाही. चित्रपटाने ही प्रतिमा शेषच्या मनासाठी योजली. ती गावाच्या कर्तव्यासाठीही योजता आली असती.

हा केवळ भावनेचा प्रश्न आता राहिलेला नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासात आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ते साखळ्यांनी बांधलेले होते. तेही उपासनास्थळी रोगमुक्तीसाठीच आणले गेले होते, हे आपण भाविकांनी विसरू नये. गील आणि एरवाडी या दोन्ही ठिकाणी श्रद्धा होती. फरक पडला तो घरांचा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील आपली प्रादेशिक मनोरुग्णालये सोडून त्यांनी जावयाचे कोठे, हे कायद्याचा कागद ठरवू शकत नाही. ते शेजाऱ्यांनी ठरवावयाचे असते.

आशेची उदाहरणे आहेत. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी चेन्नईत सुरू केलेल्या 'द बन्यन' या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' हा उपक्रम चालविला आहे. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चार-पाच व्यक्ती साध्या वस्तीत, भाड्याच्या घरात एकत्र राहतात. त्या स्वयंपाक करतात, बाजारहाट करतात, जमेल ते काम करतात आणि मदतनीस त्यांच्या आधाराला असतो. तिकडे न्यूयॉर्कमध्ये एलन बॅक्स्टर या बाईंनी १९८०च्या दशकात बेघर आणि मनोरुग्ण लोकांसाठी कायमस्वरूपी आधारयुक्त निवास उभारावयास आरंभ केला. तरुणपणी त्या गीलमध्ये राहून आल्या होत्या. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, ऐपतीप्रमाणे भाडे आणि गरज पडल्यास हाकेच्या अंतरावर मदत, एवढेच या निवासाचे सूत्र आहे. आधी बरा हो, मग घर देऊ, असे तेथे म्हणत नाहीत. १३व्या शतकातील एक कथा अशी अटलांटिक ओलांडून गेली.

आपल्या गावांत घरामागे खोल्या काढून भाडेकरू ठेवण्याची रीत जुनी आहे. परक्या माणसाला घराशेजारी ठेवून घेणे आपल्याला नवे नाही. कारखान्यातला कामगार चालतो, शिकावयास आलेला विद्यार्थी चालतो. मग नियमित औषध घेणारा, बाके सरळ करणारा आपलाच एक धर्मग्रामस्थ का चालत नाही? महिन्यातून एकदा डॉक्टर, आठवड्यातून दोनदा विन्सेंट दि पॉल संस्थेचे कार्यकर्ते, भाड्याची हमी धर्मग्रामाची, एवढी व्यवस्था कोणत्याही मध्यम धर्मग्रामाला अशक्य नाही.

हे सारे मला फार उशिरा सुचले. ती माता आता या जगात नाही. तिच्या अंत्यविधीनंतर मुलाला कोठे ठेवावे यावर बैठक झाली, आणि दूरच्या जिल्ह्यातील एका संस्थेत जागा मिळाली तेव्हा आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. संस्था चांगली आहे. तेथे त्याला वेळेवर औषध आणि अन्न मिळते. मी दोनदा भेटून आलो. दुसऱ्या भेटीत त्याने मला विचारले, "फादर, बाकं कोण लावतं आता?"

मी त्याला खरे ते सांगितले. कोणी लावीत नाही. ती वाकडीच असतात.

नोव्हेनाची ती पुस्तिका अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या वेळी ती कोणाच्या हाती देताना दहाव्या दिवशीचे उत्तरही माझ्यापाशी असले पाहिजे, असे मी स्वतःला बजावले आहे. त्यासाठी एक खोली हवी आहे. ती कोणाच्या घरामागे आहे, हे मला नव्हे, वाचकांनाच ठाऊक असेल.